समुद्र नसलेल्या मराठवाड्याचा शिडाच्या जहाजांशी काय संबंध?

पैठण तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय. त्यांनी सातवीची पोरं अजिंठ्याला नेली होती. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जहाजाचं चित्र बघून एक पोरगा म्हणाला, "बाई, समुद्र तर इथून लई लांब हाये, मग हे जहाज इथं कसं?" त्यावरून बाईंचे तीन प्रश्न आहेत. मराठवाड्याला समुद्र नाही, तर दर्यावर्दी इतिहासात आपण कुठं बसतो? इंजिन नव्हतं तेव्हा जहाजं अरबी समुद्र ओलांडायची कशी? आणि अजिंठ्यातलं ते जहाज खरंच पाण्यावर चालेल असं आहे, की चित्रकाराच्या मनातलं?

बाई, मी तेरणाकाठचा माणूस. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरपासून चार कोसांवरच्या गावात वाढलो आणि चौतीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, त्यातली शेवटची काही कप्तान म्हणून. निवृत्तीनंतर मुंबईत शिडाची छोटी बोट चालवायला शिकलो. इंजिनाच्या जहाजावर वारा म्हणजे नोंदवहीत लिहायचा एक आकडा असतो. शिडाखाली बसलं की तोच वारा मालक होतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मला त्या बोटीत बसल्यावर नीट कळली, म्हणून सुरुवातही वाऱ्यापासूनच करतो.

उन्हाळ्यात आपली जमीन तापते, समुद्र तेवढा तापत नाही. तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा धावतो. जून ते सप्टेंबर तो नैऋत्येकडून येतो, म्हणजे आफ्रिका-अरबस्तानाकडून आपल्याकडं. हिवाळ्यात जमीन थंड आणि समुद्र उबदार, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारा उलटा, ईशान्येकडून वाहतो. मृगाला आपण ज्या वाऱ्याची वाट बघतो तोच अरबी समुद्रावर जहाज भारताकडं ढकलतो, आणि ज्या गार वाऱ्यात आपण हुरडा भाजतो तोच जहाज परत नेतो. अरबीत ऋतूला 'मौसिम' म्हणतात. आपला 'मोसम' आणि इंग्रजांचा 'मॉन्सून' दोन्ही त्याचेच. खलाशांसाठी मोसम म्हणजे पाऊस नव्हे, निघायची वेळ.

चौकोनी शिडाच्या जहाजाला वारा मागून किंवा मागच्या बाजूनं तिरपा लागतो. वारा समोरून असेल तर थेट जाताच येत नाही. एकदा डावीकडं तिरपं, एकदा उजवीकडं तिरपं, असं नागमोडी चढत जावं लागतं. आजची चांगली शिडाची बोट वाऱ्याच्या दिशेशी साधारण ४५ अंशांचा कोन धरते. जुन्या चौकोनी शिडाला तेवढं जमत नाही. आणि कोन धरला तरी जहाज नुसतं पुढं जात नाही, आडवं घसरतंही. एकदा मी आणि दोन मित्र मुंबईहून उत्तरेला वसईच्या दिशेनं निघालो. दुपारी वायव्येचा वारा सुटला. संध्याकाळपर्यंत आम्ही पाण्यावर कितीतरी मैल कापले, पण नकाशावर हात ठेवला तर जेमतेम निम्मी वाट सरली होती. पिण्याचं पाणी संपत आलं तेव्हा बोट वळवली, आणि तोच वारा पाठीवर घेऊन थोड्या वेळात मुंबईला परत आलो. चुकीच्या महिन्यात समुद्रावर निघणं म्हणजे काय, हे त्या दिवशी मला अंगानं समजलं.

याचं इतिहासातलं सगळ्यात भयंकर उदाहरण वास्को द गामाचं आहे. १४९८ च्या एप्रिलच्या अखेरीला तो आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून निघाला. सोबत तिथला वाटाड्या होता आणि नैऋत्येचा वारा नुकताच भरू लागला होता. सुमारे २,३०० सागरी मैल अंतर त्यानं साडेतीन आठवड्यांत कापलं, म्हणजे ताशी चार मैलांचा वेग. परत जाताना कालिकतच्या राजाशी बिनसलं होतं आणि घाई होती. मोसम यायच्या आधीच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यानं कारवारजवळचं अंजदीव बेट सोडलं. येताना कापलं त्याहून कमी अंतर, पण आफ्रिकेचा किनारा दिसायला जानेवारी उजाडला. तीन महिने वारा पडलेला किंवा उलटा. हिरड्या सुजून, पाय फुगून तीसेक माणसं त्या एका ओलांडणीत गेली. दीडेक महिना थांबला असता तर वारा पाठीशी असता. किनाऱ्यावरच्या कुठल्याही तांडेलानं त्याला हे सांगितलं असतं.

आता आपल्या रानाकडं येतो, कारण मला मुख्य सांगायचंय ते इथं आहे.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं बंद असायची. नारळी पौर्णिमेला कोळी नारळ सोडतात तो समुद्र उघडण्याचा दिवस. आणि आपली काळी रानं? जूनपासून चार महिने त्या मातीत बैलगाडी घालून बघा. चाक आसापर्यंत रुततं. माझे आजोबा सांगायचे, मिरगाचा पाऊस झाला की गाड्या सोडून ठेवायच्या त्या दसऱ्यालाच जुपायच्या. समुद्र बंद तेव्हा काळं रानही बंद. श्रावणात तिकडं नारळी पौर्णिमा आणि पंधरा दिवसांनी अमावास्येला आपल्याकडं पोळा. तिकडं होड्या रंगवतात, इकडं बैलांची शिंगं. दोन्ही तयारी पुढच्या कामाचीच, आणि दोन्ही एकाच वाऱ्याच्या पंचांगावर चालणारी. जहाजाचा प्रवास बंदरात सुरू होतो असं आपण धरून चालतो. माझ्या मते शिडाच्या काळात तो गाडीला बैल जुपल्या क्षणी सुरू व्हायचा, कारण जहाज सुटायच्या दिवशी माल धक्क्यावर नसेल तर एक वर्ष गेलं.

हे नुसतं माझं मन म्हणत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. त्याचं नाव माहीत नाही, पण तो स्वतः या वाटांवर फिरलेला असावा असं त्याच्या तपशिलांवरून दिसतं. त्यात तो लिहितो की गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पैठणहून अकीकासारखा पट्ट्यांचा दगड भरपूर येतो. तगरहून साधं कापड भरपूर, आणि तलम मलमलीसारखी कापडं येतात. हा सगळा माल रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून गाड्यांवर भडोचला नेतात, असंही तो सांगतो.

मी हे आकडे नकाशावर घालून बघितले. पैठण ते भडोच सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर, वीस दिवसांत. तेर ते पैठण दीडशे किलोमीटर, दहा दिवसांत. म्हणजे दिवसाला सरळ रेषेत पंधरा ते साडेसतरा किलोमीटर, आणि वाटेची वळणं धरली तर वीसच्या आसपास. भरलेल्या बैलगाडीची चाल हीच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी माणसाचा आकडा आपल्या बैलाच्या पावलाशी जुळतो, तेव्हा मला त्या लिखाणावर विश्वास बसतो. वर्गात पोरांना हे गणित जरूर करायला द्या.

आता जहाजांचं वेळापत्रक. पेरिप्लस म्हणतो, भारताकडं येणारी जहाजं इजिप्तमधून जुलैत निघत. नैऋत्येच्या जोरावर समुद्र ओलांडून पावसाळा ओसरताना इथं पोचत. परतीला हिवाळी वारा धरावा लागे, म्हणजे माल भडोचच्या वखारीत तोवर येऊन पडलेला हवा. तेरहून भडोचला तीस दिवस. दसऱ्याला गाड्या जुपल्या तर कार्तिकात माल बंदरावर. पण नवा कापूस तर तेव्हा कुठं वेचणीला येतो! तेव्हा माझा हिशेब असा आहे की त्या गाड्यांवर आदल्या वर्षीच्या कापसाचं कापड असणार. हिवाळ्यात वेचलेला कापूस, उन्हाळाभर पिंजून-कातून सूत, पावसाळ्यात घरात बसून विणकाम, आणि दसऱ्याला गाडी. तेरची विणकरीण माग चालवत होती तेव्हा तिच्या कापडाचं गिऱ्हाईक हजारो मैलांवर होतं आणि ते नेणारं जहाज अजून इजिप्तच्या बंदरात उभं होतं.

पैठणहून कल्याण बंदर खूप जवळ, सरळ रेषेत दोनशे चाळीस किलोमीटरच्या आत. नाणेघाटातून उतरलं की कोकण. मग माल भडोचला का नेत होते? याचंही उत्तर पेरिप्लसमध्ये आहे. कल्याण पूर्वी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण नंतर तिथं अडथळा आला, आणि चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. हा पैठणचे सातवाहन आणि पश्चिमेकडचे शक क्षत्रप या दोन राजघराण्यांच्या भांडणाचा काळ. पुढं सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षत्रप नहपानाला हरवलं. नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईनं, गौतमी बलश्रीनं कोरवलेल्या लेखात त्याला 'तिसमुदतोयपीतवाहन' म्हटलंय, ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं असा. गोदाकाठी राजधानी असलेल्या घराण्याला समुद्राचा एवढा अभिमान वाटत होता. सातवाहनांच्या काही शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाजही आहे. ती नाणी पूर्व किनाऱ्याकडची.

तिकडून काय येत होतं? भडोचच्या आयातीत इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, सोन्या-चांदीची नाणी अशी यादी आहे. रोममध्ये प्लिनी नावाचा लेखक कुरकुरत होता की भारत दरवर्षी आपली पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. आणि इथून काय गेलं याचा एक पुरावा फार हलवून टाकणारा आहे. इटलीतलं पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, जेमतेम वीतभर उंच. तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात दोन ठिकाणी मिळाल्या, तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. तेरच्या लामतुरे संग्रहालयात मी लहानपणापासून जातोय. कप्तान असताना नेपल्सला जहाज लागलं होतं तेव्हा तिथल्या संग्रहालयात पॉम्पेईची मूर्ती बघितली. तोच केसांचा साज, तेच दागिन्यांनी भरलेले हात-पाय. मी त्या काचेसमोरून बराच वेळ हललो नाही. शेजारच्या गावची लेक परदेशात अचानक भेटावी तसं झालं.

वाऱ्याचा शोध हिप्पालस नावाच्या ग्रीक नाखव्यानं लावला असं पाठ्यपुस्तकात कधीकधी लिहिलेलं असतं. त्यानं थेट समुद्र ओलांडायचा मार्ग ग्रीकांसाठी शोधला असेल, हे पेरिप्लसही म्हणतो. पण ज्या किनाऱ्यावर दरसाल वारा सहा महिन्यांनी उलटतो तिथल्या कोळ्यांना आणि अरब खलाशांना तो कुणी बाहेरच्यानं येऊन सांगावा लागला, हे मला पटत नाही. पोरांना शिकवताना 'ग्रीकांना कळलं' असं म्हणा, 'शोध लागला' असं नको.

आता तुमच्या पोराच्या जहाजाकडं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातलं चित्र पाचव्या-सहाव्या शतकातलं आहे आणि ते पूर्णाच्या गोष्टीतलं. पूर्ण हा सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी, पुढं भिक्षू झाला. त्याचा भाऊ चंदन भरून आणताना जहाज वादळात सापडतं, भाऊ त्याचा धावा करतो आणि पूर्ण येऊन जहाज वाचवतो. गोष्ट श्रद्धेची आहे, पण जहाज काढणाऱ्यानं जहाज जवळून बघितलेलं आहे, हे मी पैजेवर सांगतो. तीन डोलकाठ्या आणि त्यांवर उंच, अरुंद चौकोनी शिडं. रुंद शिडापेक्षा अरुंद शीड तिरप्या वाऱ्याला जरा बरं पडतं. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, पुढं तिरप्या काठीवर आणखी एक छोटं शीड आहे. ते वेग वाढवायला नसतं, जहाजाचं तोंड वळवायला असतं. मागं दोन्ही अंगांना सुकाणूची लांब वल्ही आहेत, कारण मागच्या कण्याला जोडलेलं सुकाणू तेव्हा आलेलं नव्हतं. नाळेवर डोळा रंगवलाय. आणि वर रांगेनं रांजण मांडलेत. लोक शिडं बघतात, मी ते रांजण बघतो. लांबच्या सफरीत जीव वाचवतं ते पिण्याचं पाणी. चित्रकार नुसता शोभेसाठी जहाज काढणारा असता तर त्याला रांजण सुचले नसते. सतराव्या लेण्यातही सिंहलाच्या कथेत हत्ती-घोडे वाहणाऱ्या होड्या आहेत, वेळ मिळाला तर तिकडंही पोरांना न्या.

ते चालेल का, या प्रश्नाचं उत्तर आता कुणी मत म्हणून द्यायची गरज नाही, कारण ते बांधून झालंय. अजिंठ्याच्या या चित्रावरून एक शिवलेलं जहाज बांधायचा करार २०२३ मध्ये संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्यातल्या एका नौकाबांधणी कंपनीत झाला. केरळच्या कारागिरांनी ते बांधलं. नौदलापुढं अडचण ही होती की नकाशा नाही, जुना सांगाडा नाही, फक्त भिंतीवरचं एक चित्र. त्यावरून लांबी-रुंदीचा अंदाज काढायचा, मग मद्रासच्या आयआयटीत छोटा नमुना पाण्यावर तपासायचा. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात आलं आणि नाव ठेवलं 'कौण्डिण्य', पूर्वी समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेलेल्या दर्यावर्द्याचं. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीला ते पोरबंदरहून मस्कतकडं निघालं, ईशान्य वाऱ्याच्या मोसमात, आणि जानेवारीत पोचलं. इंजिन नाही, शिडं आणि वल्ही. अजिंठ्याच्या चित्रकाराची परीक्षा दीड हजार वर्षांनी झाली आणि तो पास झाला.

शिवलेलं म्हणजे अक्षरशः शिवलेलं. फळ्या वाफवून वाकवायच्या, कडेला भोकं पाडायची, दोन फळ्यांच्या सांध्यावर नारळाच्या सोडणाची गादी ठेवायची आणि काथ्याच्या दोरीनं आतून-बाहेरून आवळत न्यायचं. मग भोकं राळेनं बुजवायची आणि लाकडाला माशाचं तेल पाजायचं. सांध्यावर खिळा नाही. जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय की समुद्रात चुंबकाचे डोंगर असतात, ते खिळे ओढून घेतात, म्हणून इकडची जहाजं शिवतात. खरं कारण साधं आहे. लाटेवर आपटलं की खिळ्याची फळी तडकते, शिवलेली फळी थोडी हलते आणि सावरते. वाळूवर ओढून काढायला, लाटांतून किनाऱ्याला लावायला असं अंग बरं. दोरी कुजली तर उसवून पुन्हा शिवता येतं, कुठल्याही किनाऱ्यावर, लोहाराशिवाय. तोटाही आहे: पाणी झिरपत राहतं, सतत उपसावं लागतं. आजी गोधडी शिवायची तेव्हा टाका किती जवळ घ्यायचा यावरून तिचे आणि आत्याचे वाद व्हायचे. शिवलेल्या जहाजाच्या कारागिराचं कसबही तिथंच असतं, टाक्याच्या अंतरात आणि ताणात.

आपल्या भागाचा समुद्राशी संबंध सातवाहनांबरोबर संपला असं समजू नका. शिलाहार राजे कोकण किनाऱ्यावर राज्य करत होते, तरी स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत, म्हणजे तेर नगराचे स्वामी. समुद्राकाठच्या राजांना आमच्या गावाशेजारचं नाव मिरवावंसं वाटत होतं. त्यांचा शेवट झाला तोही मराठवाड्याकडूनच. १२६५ च्या सुमाराला देवगिरीच्या महादेव यादवानं शिलाहार सोमेश्वरावर चाल केली. जमिनीवर हरल्यावर सोमेश्वर जहाजांवर चढला, यादवांनी समुद्रात गाठलं आणि तो तिथंच बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री यानं हे वर्णन करून ठेवलंय. आज दौलताबादच्या टेकडीवर उभं राहून कुणाला वाटणार नाही की इथल्या राजानं नाविक लढाई जिंकली होती. बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. काही अभ्यासक ती हीच लढाई मानतात, काही त्याआधीची.

आणि मलिक अंबर. इथिओपियातला मुलगा, गुलाम म्हणून विकला गेला, येमेनचं मोखा बंदर, मग बगदाद, आणि तिथून समुद्र ओलांडून दख्खन. त्यानं १६१० मध्ये वसवलेलं खडकी म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२६ मध्ये तो गेला, कबर खुलताबादला आहे. या शहराच्या जन्माची वेळ शोधायची तर ती एका गुलामांच्या जहाजापाशी जाऊन थांबते. शिडाच्या जहाजांनी मलमल नेली आणि माणसंही विकायला आणली. बाई, पोरांना दोन्ही सांगा. नुसता अभिमान शिकवला तर इतिहास अर्धा राहतो.

शेवटी एक प्रयोग देतो, तुम्हाला शाळेच्या गच्चीवर करता येईल. होकायंत्र नव्हतं तेव्हा रात्री खलाशी ताऱ्यांची उंची मोजायचे. अरबी समुद्रावर त्यासाठी 'कमाल' वापरत: लाकडाची छोटी पाटी, मधून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. गाठ दातात धरायची, पाटीची खालची कड क्षितिजावर, वरची ताऱ्यावर. एकेका बंदराची एकेक गाठ. घरी परतायचं असेल तर ध्रुव आपल्या गाठीला येईपर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचं, मग ती उंची सांभाळत सरळ किनारा गाठायचा.

जाड पुठ्ठा आणि सुतळीनं पोरं कमाल बनवू शकतात. नाहीतर नुसती मूठ. हात ताठ करून डोळ्यासमोर धरलेली मूठ साधारण दहा अंश भरते. पोराची मूठ लहान असली तरी हातही आखूड असतो, म्हणून हिशेब तोच राहतो. जितका अक्षांश तितकी ध्रुवाची उंची. पैठणला ध्रुव क्षितिजापासून सुमारे साडेएकोणीस अंशांवर, म्हणजे जवळजवळ दोन मुठी. गोदाकाठच्या सपाटीवर क्षितिज चांगलं मिळतं. आणि गंमत बघा, सोपारा बंदराचा अक्षांश जवळपास तोच आहे! पैठणच्या गच्चीवर आणि सोपाऱ्याच्या धक्क्यावर ध्रुव एकाच उंचीवर दिसतो. माझ्या तेरचा ध्रुव असाच मुरूड-जंजिऱ्याच्या ध्रुवाशी जुळतो. एवढं मात्र सांगा की पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो. सातवाहनांच्या काळात आजचा ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे बारा अंश लांब होता. तेव्हाचे खलाशी त्या बिंदूभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांवरून अंदाज बांधत. दिवसा पाण्याचा रंग आणि पक्षी बघत. भडोचच्या आखाताजवळ आल्याची खूण म्हणून समुद्रसाप पेरिप्लसनं नोंदवलेत. जमीन कुठं आहे ते कळावं म्हणून जहाजावर कावळे पाळायचे. 'दिशाकाक' म्हणत त्यांना. सोडला की उंच जायचा आणि जमीन दिसली तर तिकडं निघायचा.

पुढच्या सहलीला अजिंठ्याऐवजी छत्रपती संभाजीनगरच्या लेण्या घ्या, विद्यापीठामागच्या डोंगरात. सातव्या लेण्यात, आत जायच्या दाराच्या बाजूला, अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाची मोठी मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना संकटात सापडलेल्या माणसांचे छोटे छोटे देखावे, एकूण आठ. त्यात आग आहे, चोराची तलवार आहे, बेड्या, सिंह, साप, पिसाळलेला हत्ती आणि बुडणारं जहाज. बहुतेक माणसं मोठी मूर्ती बघून आत जातात. तुम्ही पोरांना तिथंच थांबवा आणि जहाज शोधायला सांगा. मग विचारा की यातली कुठली संकटं गाडीवाटेवरची आणि कुठली पाण्यावरची. सिंह, चोर, हत्ती रानातले, जहाज समुद्रातलं, आणि धावा करणारा माणूस दोन्हीकडं एकच व्यापारी. सकाळी जा, कातळावर ऊन तिरपं पडतं तेव्हा छोटे देखावे जास्त स्पष्ट दिसतात.